दार आतून उघडावं लागतं

(आषाढीच्या आधीच्या आठवड्यात सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

राम कृष्ण हरी, जय भीम, सलाम. जिला जे म्हणायची सवय असेल तिनं ते घ्यावं.

मुक्ताईची पालखी जालन्यावरून पुढे गेली. आपल्या गटांतल्या बऱ्याच जणी वारीत आहेत. निघण्याआधी बचतीचे पैसे आणि कर्जाचा हप्ता देऊन गेल्या, हे मला आवर्जून सांगायचंय. कारण विठ्ठलाकडे जाताना उधारी डोक्यावर नको, असं त्यांचं म्हणणं. ज्या पेरणीमुळे, म्हाताऱ्या माणसांमुळे, नाहीतर गुडघ्यांमुळे घरी राहिल्या, त्यांच्याशी आज बोलायचंय.

पंढरपूरला जाऊन आलेल्या बायांना आठवत असेल, महाद्वारातून आत जाताना नामदेवांची पायरी लागते. तिच्यावर पाय द्यायचा नाही, हे आपण लेकरांनाही शिकवतो. आणि तिथंच समोर, देवळाच्या बाहेर, चोखोबांची समाधी आहे. आपण तिथं हात जोडतो आणि गर्दीबरोबर आत सरकतो. चोखोबा आत का नाहीत, हा प्रश्न त्या गर्दीत सुचायला वेळच नसतो.

चोखोबा आपले शेजारी बरं का. बुलढाणा जिल्ह्यात देऊळगावराजा तालुक्यातलं मेहुणा राजा हे त्यांचं जन्मगाव मानतात. जाफराबादकडच्या किती जणींचं माहेर त्या बाजूला आहे. चोखोबांची बायको सोयराबाई, बहीण निर्मळा, मुलगा कर्ममेळा, सगळ्यांनी अभंग रचले. सोयराबाईनं तर विटाळ म्हणजे नेमकं काय, असं रोखठोक विचारून ठेवलंय. चोखोबा मंगळवेढ्याला गावकुसाच्या कामावर होते. भिंत कोसळली आणि त्यात ते गेले. चौदाव्या शतकातली गोष्ट. नामदेवांनी त्यांच्या अस्थी आणून महाद्वारासमोर समाधी बांधली. जिवंतपणी जिथपर्यंत येऊ दिलं, मेल्यावरही तिथंच. आणि पुढे सहाशे वर्षं त्यांच्या जातीतला वारकरी त्या समाधीपर्यंतच जायचा. कळस बघायचा आणि परत फिरायचा. हे १९४७ सालापर्यंत चाललं. आपल्या आज्यांच्या काळापर्यंत.

तेव्हा एक माणूस पंढरपुरात उपाशी बसला. साने गुरुजी. पांडुरंग सदाशिव साने. नावातच पांडुरंग. 'श्यामची आई' लिहिणारे म्हणून आपण त्यांना ओळखतो. शाळेत धडा होता, आणि आपण रडलो होतो. रडवणारा मऊ माणूस अशीच त्यांची ओळख आपल्याकडे राहिली. पण १९४७ च्या १ मे ला हा मऊ माणूस तनपुरे महाराजांच्या मठात बसला आणि म्हणाला, विठ्ठलाचं दार हरिजनांना उघडेपर्यंत मी अन्न घेणार नाही. त्या काळी तो शब्द वापरायचे, म्हणून तसाच सांगते. आज आपण तो वापरत नाही.

आता उपासाची आपल्या बायांना काय नवलाई? एकादशी, चतुर्थी, नवरात्र, वटपौर्णिमा. नवऱ्यासाठी, लेकरासाठी, कुणासाठी ना कुणासाठी आपण उपाशी असतोच. म्हणून या उपासात वेगळं काय होतं ते नीट बघू.

गुरुजी आधी १९४६ च्या कार्तिकी एकादशीलाच बसणार होते. सेनापती बापट आणि इतर मंडळी म्हणाली, थांबा, आधी लोकांशी बोला. गुरुजींनी ऐकलं. सहा महिने महाराष्ट्रभर फिरले. गावोगाव सभा घेतल्या. राष्ट्र सेवा दलाची तरुण मुलं कलापथक घेऊन बरोबर. ठिकठिकाणी देवळं उघडली गेली, विहिरी खुल्या झाल्या. तरीही पंढरपूरचं दार बंदच राहिलं, तेव्हा ते बसले. म्हणजे उपास हा शेवट होता. त्याच्याआधी सहा महिन्यांचं बोलणं होतं, समजावणं होतं, आणि समोरच्याला विचार करायला दिलेला वेळ होता.

पंढरपुरात त्यांचं स्वागत झालं असं समजू नका. साने, भीमेच्या पलीकडे चालते व्हा, विठ्ठलाचं दार उघडणार नाही, अशा अर्थाच्या घोषणा द्यायचे लोक. गांधीजींनासुद्धा हा उपास पटला नव्हता. उपास सोडा, असं त्यांनी कळवलं. ज्यांना आपण गुरू मानतो त्यांनीच चुकतोयस म्हणावं, आणि तरी आपल्याला आतून पटलेलं सोडायचं नाही, हे किती अवघड आहे ते बाईमाणसाला सांगायला नको. गुरुजी गांधीजींवर रागावले नाहीत आणि उठलेही नाहीत. दादासाहेब मावळंकरांनी मध्यस्थी केली. १० मे ला बडव्यांची मंडळी तयार झाली आणि दहाव्या दिवशी उपास सुटला. तरीही काही जणांना पटलं नाही ते नाहीच. दार उघडायच्या आधी मूर्तीतलं तेज मंत्रानं पाण्याच्या घागरीत काढून घेतलं, अशी गोष्ट पंढरपुरात सांगतात. मला ही गोष्ट ऐकली की हसू येतं आणि वाईटही वाटतं. दार उघडलं तरी माणूस देव घेऊन घागरीत बसायला तयार असतो!

मुंबई प्रांतानं त्याच वर्षी मंदिरप्रवेशाचा कायदाही केला. पण तेव्हा आपलं जालना निजामाच्या राज्यात होतं, त्यामुळे तो कायदा आपल्याला लागूच नव्हता. आपल्यापर्यंत ही गोष्ट संविधानातून आली. २६ जानेवारी १९५० ला ते लागू झालं आणि त्याच्या सतराव्या कलमानं अस्पृश्यता संपवली. कागदावर तरी संपवली.

इथं एक गोष्ट बोललीच पाहिजे, नाहीतर सत्याबद्दल बोलायचा मला अधिकार नाही. साने गुरुजींच्या आधी सतरा वर्षं, २ मार्च १९३० ला, बाबासाहेबांनी नाशिकला काळाराम मंदिरापुढं सत्याग्रह सुरू केला होता. तिथं बायाही होत्या. लाठ्या, दगड सोसले. पाच वर्षं दार उघडलं नाही. १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी जाहीर केलं की मी हिंदू म्हणून मरणार नाही. त्यांना देऊळ हवं होतं म्हणून तो सत्याग्रह नव्हता, माणूस म्हणून हक्क हवा होता. त्याच्याही आधी, २० मार्च १९२७ ला, महाडच्या तळ्याचं पाणी प्यायले तेव्हाही तेच. उन्हाळ्यात टँकरपुढं घागर घेऊन उभं राहणाऱ्या आपल्या जिल्ह्यातल्या बाईला पाण्याचा हक्क म्हणजे काय, हे कुणी समजावून द्यायला नको.

मग साने गुरुजींनी वेगळं काय केलं? मला असं वाटतं की बाहेर उभं असलेल्यानं दार ठोठावून हात रक्तबंबाळ करून घेतले होते. आता आतल्या कुणीतरी उठायची पाळी होती. गुरुजी जन्मानं ब्राह्मण. त्यांना विठ्ठलाचं दर्शन कधीही मिळत होतं. दार ज्यांनी लावलं त्यांच्यातलाच एक माणूस म्हणाला की या बंद दाराचं दुःख आता मी भोगतो. आणि त्यांनी ना बडव्यांना मारलं, ना विठ्ठलाला नावं ठेवली. त्यांचा विठ्ठलावर विश्वास होता म्हणूनच ते दार त्यांना सहन होत नव्हतं. श्रद्धा असलेल्या माणसानं असं काही बोललं की लोक लगेच म्हणतात, हा देव मानत नाही. उलट आहे ते.

आता मी आपल्याकडे येते. ही गोष्ट आपल्याच जिल्ह्यातली आहे. गावाचं नाव सांगणार नाही, गटाचंही नाही. सहयोगिनी म्हणून मी तिथं जाते.

बारा जणींचा गट. दर आठवड्याला शंभर रुपये बचत. बैठक पाळीपाळीनं प्रत्येकीच्या घरी. पण एका ताईचं घर बौद्धवाड्यात. तिची पाळी आली की बैठक मारुतीच्या पारावर व्हायची. रजिस्टरला कारण लिहिलेलं असायचं, 'जागा अपुरी असल्याने'. तीन वर्षं हेच. कुणी भांडलं नाही, कुणी वाईट बोललं नाही. सगळं गोडीगुलाबीत.

त्या गटात एक काकू आहेत. साठीच्या. चौथी शिकलेल्या. मोठा वाडा, घरी बैलजोडी, ट्रॅक्टर. एके दिवशी मागच्या बैठकीचं इतिवृत्त वाचणं चाललं होतं, आणि काकूंनी मधेच थांबवलं. म्हणाल्या, "जागा अपुरी म्हणजे? मागच्या महिन्यात ज्या घरी बसलो ती खोली तर याहून बारकी होती. खरं कारण लिहा. मी पहिली सही करते."

सगळ्या गप्प. लिहिणारीनं पेन खाली ठेवला. खरं कारण सगळ्यांना माहीत होतं, तोंडी कुजबुजतही होत्या, पण निळ्या शाईनं लिहून खाली सही करायची म्हटल्यावर एकीचाही हात उठेना. काकू म्हणाल्या, "लिहिता येत नाही ना? मग पुढची बैठक तिच्या घरी घ्या."

मी सत्याबद्दल पुष्कळ व्याख्यानं ऐकलीत. पण रजिस्टरपुढं बसलेल्या बारा बायांचं ते गप्प बसणं मला त्या सगळ्यांपेक्षा जास्त शिकवून गेलं. आपण खोटं फार कमी बोलतो हो. 'जागा अपुरी' असं लिहितो.

पुढच्या आठवड्यात त्या ताईच्या घरी पाच जणी आल्या. तिनं सतरंजी टाकली होती, चहा ठेवला. आणि मैत्रिणींनो, त्या दिवशी नेमके तिघींचे उपास निघाले! एकीची चतुर्थी, एकीचा नवस, एकीचं असंच. काकूंनी आपला कप संपवला आणि म्हणाल्या, "चतुर्थीला चहा चालतो गं. दे गं मला अजून अर्धा कप." बास. त्यापुढं एक शब्द नाही. भाषण नाही, टोमणा नाही. चतुर्थीवाल्या बाईनं मग कप उचलला.

न आलेल्या सात जणींचं काय करायचं, हा विषय पुढच्या बैठकीत निघाला. गैरहजेरीला दहा रुपये दंड आहे, तो घ्यायचा ठरला. एक तरुण सून तावातावानं म्हणाली, यांचं कर्ज अडवा, म्हणजे सुतासारख्या सरळ येतील. आणि तसं करता आलं असतं. सातातल्या दोघींचे अर्ज समोरच पडले होते, एकीचा मुलाच्या फीसाठी, एकीचा बियाण्यासाठी. काकू म्हणाल्या, "दंड नियमाचा आहे, तो घ्या. कर्ज अडवायचं नाही. पोराच्या फीचा आणि याचा काय संबंध?"

अहिंसा म्हणजे काय, असं मला कुणी विचारलं तर मी ही बैठक सांगेन. समोरचीची दुखरी नस आपल्या हातात होती आणि ती दाबली नाही. पण आपला मुद्दाही सोडला नाही. दोन्ही एकदम करायचं, हे कठीण. नुसतं गोड वागणं सोपं आहे आणि नुसतं अडवणंही सोपं आहे.

याची किंमत काकूंनी मोजली. भावकीतल्या एका घरानं त्यांना जागरण-गोंधळाला बोलावलं नाही. घरात सुनेशी महिनाभर तुटक बोलणं झालं. काकूंनी ते कुणाला सांगितलं नाही, मला सुनेकडूनच कळलं. आज त्या गटात ताईच्या घरी बैठक असली की नऊ जणी येतात. दोघी गट सोडून गेल्या. एकजण अजूनही तिच्या पाळीला नेमकी आजारी पडते.

आणि त्या ताईचं म्हणणं? मी तिला विचारलं, बरं वाटलं का? ती हसली नाही. म्हणाली, "मॅडम, तीन वर्षं मी पण दर आठवड्याला शंभरच भरत होते. माझे शंभर पारावर चालत होते, मी चालत नव्हते. आता हिशेब बरोबर झाला, एवढंच." कुणी उपकार केल्यासारखं तिला वाटावं, अशी आपली फार इच्छा असते. तिनं ती संधी दिली नाही, आणि बरंच केलं.

आता दोन गोष्टी जरा वेगळ्या, पण याच विषयातल्या. तुमच्यातल्या काही जणी मनात म्हणत असतील की सोसायचं, मारायचं नाही, हे आम्ही तर जन्मभर करतोय. घरात मार खातो आणि गप्प बसतो. मग आम्ही अहिंसक झालो का?

नाही बाई. गुरुजी स्वतःच्या मनानं बसले होते, कधीही उठू शकत होते, आणि ते कशासाठी बसलेत हे सगळ्या महाराष्ट्राला माहीत होतं. दार लावून घेतलेल्या खोलीत मार खाणारीला यातलं काहीच नसतं. तिच्या गप्प बसण्यानं मारणारा सुधारत नाही, तो निर्धास्त होतो. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा २००५ सालचा आहे आणि ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्यात मारहाण येते, शिवीगाळ येते, पैशासाठी अडवणूक येते, घराबाहेर काढणं येतं. संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. लगेच मदत लागली तर ११२ लावा, महिलांसाठी १८१ आहे. तक्रार करणं ही हिंसा नाही. नवऱ्याला तुरुंगात घालायचं म्हणून नाही, खरं काय ते चार माणसांसमोर यावं म्हणून करायची. आणि शेजारच्या घरातून आवाज येतो तेव्हा टीव्हीचा आवाज मोठा करणाऱ्या आपण, आपणही त्या दाराच्या आतल्याच आहोत.

दुसरं, रुसून न जेवणं. आपल्याकडे भांडण झालं की बाई ताट सारते. चार वेळा कुणी विचारावं, पाचव्यांदा आपण उठावं. मी यावर हसत नाही, कारण कित्येकदा बोलायला दुसरी जागाच ठेवलेली नसते. पण गुरुजींच्या उपासाशी त्याची गाठ घालू नका. त्यांना काय हवंय ते त्यांनी सहा महिने आधीपासून सगळ्यांना सांगितलं होतं. आपण काय हवंय ते सांगत नाही आणि समोरच्यानं ओळखावं म्हणून उपाशी राहतो. पोट आपलंच जळतं. त्यापेक्षा बोललेलं बरं. गटात बोलायची सवय झालेल्या बाया घरात कमी रुसतात, हे माझं निरीक्षण आहे, पटतं का बघा.

आत आणि बाहेर काय असतं, हे बाईला वेगळं सांगावं लागत नाही. पाळीच्या चार दिवसांत घरातल्या घरात बाहेर बसलेल्या आपण. नवरा गेल्यावर हळदीकुंकवाच्या यादीतून नाव गळालेल्या आपण. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं २०२२ च्या मे महिन्यात ग्रामसभेत ठराव केला की कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं या प्रथा बंद. पुढे सरकारनंही सगळ्या ग्रामपंचायतींना त्याचं अनुकरण करायला सांगितलं. आपल्या किती गावांनी केलं? आणि ठराव सोडा, येत्या संक्रांतीला वाण लुटताना विधवा मैत्रिणीला सवाष्णीनं बोलवायचंय. तिनं स्वतः येऊन मागायचं नाही. कुंकवाचा करंडा आत असलेल्या बाईच्या हातात असतो.

'श्यामच्या आई'त एक प्रसंग आहे. एका म्हाताऱ्या महार बाईच्या डोक्यावरची मोळी पडलेली असते आणि कुणी हात लावत नाही. आई श्यामला सांगते, जा, मोळी उचलून दे, आणि मग घरी येऊन अंघोळ कर. मला हा प्रसंग आवडतो तो त्या अंघोळीसकट. त्या माउलीला तिच्या काळात अर्धं दार उघडता आलं. तिच्या मुलानं पंढरपुरात उरलेलं उघडलं. आपल्याला आईसारखं अर्धं उघडायलाही कुणी ना म्हणत नाही, सुरुवात तिथून करू.

तर या महिन्यात प्रत्येक गटानं एक काम करायचं. बैठकीचं रजिस्टर काढा. मागच्या जूनपासूनच्या बैठका कुणाकुणाच्या घरी झाल्या ते मोजा. कुणाची पाळी चुकली, आणि तिच्या नावापुढं कारण काय लिहिलंय, ते मोठ्यानं वाचा. लिहिता येणारीनं वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं. काय निघालं ते मला पुढच्या महिन्यात गावात आले की सांगा. नावं नकोत, आकडा चालेल.